चढ जमेल, उताराचं काय?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई पुण्यात कोथरूडला राहतात, वय ४२, शाळेत शिकवतात. दोन वर्षांपासून धावतायत. आठवड्यातून तीनदा सात-आठ किलोमीटर, दरवेळी किलोमीटरला साधारण ६ मिनिटं ५० सेकंद. १० किलोमीटरची सर्वांत चांगली वेळ ६८ मिनिटं. मागच्या डिसेंबरात सपाट रस्त्यावरची एक हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर, केली. पहिले १० किलोमीटर ६९ मिनिटांत झाले आणि सोळाव्यानंतर चालत यावं लागलं. आता सप्टेंबरातल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव घातलंय आणि हातात चौदा आठवडे आहेत. उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला अधूनमधून दुखतं. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. 'जिने चढायची सवय आहे, तरी घाटाची धास्ती वाटते. चढाचा सराव कसा करू?' असं त्या विचारतात.

ताई, तुम्ही विचारलंय चढाबद्दल आणि मी बरंचसं बोलणार आहे उताराबद्दल. मी साताऱ्यात राहतो, यवतेश्वरच्या घाटात सोळा वर्षं धावतोय आणि त्यातली दहा वर्षं हौशी मंडळींना धावायला शिकवतोय. शर्यतीआधी भेटणारा प्रत्येक जण चढाचं विचारतो. शर्यतीनंतर जे लंगडत भेटतात, ते मात्र सगळे उताराचंच बोलतात.

आधी रस्ता डोळ्यासमोर आणा. ही शर्यत २०१२ मध्ये सुरू झाली. २०१५ मध्ये डोंगरावरच्या एका शर्यतीत सर्वाधिक लोक धावल्याची गिनेसमध्ये नोंद झाली, आणि आता पुण्यामुंबईचे लोक नावनोंदणीवर डोळा ठेवून बसलेले असतात. पहिले तीनेक किलोमीटर गावातून जातात. तिथंही हलका चढ आहे, पण ढोलताशे आणि गर्दी यांच्या भरात तो कुणाला जाणवत नाही. समर्थ मंदिराचा चौक मागं पडला की घाट लागतो. चढ सलग आहे, पण छातीवर येणारा नाही. एसटी निवांत चढते तसा चढत राहायचा. वळणावरून खाली शहर आणि समोर अजिंक्यतारा दिसतो, अर्थात धुकं नसेल तर. तीनशे मीटरपेक्षा जास्त उंची गाठून रस्ता यवतेश्वरच्या माथ्यावर येतो, कासच्या दिशेनं थोडा वर-खाली होत जातो, प्रकृती रिसॉर्टजवळ वळसा आणि त्याच रस्त्यानं परत. म्हणजे जेवढं चढलात तेवढं सगळं उतरायचं, तेही दमलेल्या पायांनी.

माझी पहिल्या वेळची गोष्ट सांगतो. रोजचा घाट, त्यामुळे अंगात मस्ती होती. वर छान गेलो, वळसा घातला आणि उताराला लागल्यावर पाय सोडून दिले. घड्याळ किलोमीटरला ४ मिनिटं ४० सेकंद दाखवत होतं, जी माझी सपाटीवरची लायकी नव्हे. दम अजिबात लागत नव्हता, म्हणून सगळं ठीक चाललंय असं वाटलं. घाट संपला, रस्ता सरळ झाला आणि मांड्यांनी काम करायचं सोडलं. दुखत नव्हत्या, नुसत्या थरथरत होत्या. पाय उचलायला सांगावं आणि त्यांनी ऐकूच नये. साठी ओलांडलेले एक गृहस्थ, पायात साधे कॅनव्हासचे बूट, माझ्या बाजूनं गेले आणि जाता जाता विचारलं, "काय पाव्हणं, पेटका आला का?" दुसऱ्या दिवशी मी घरातला जिना कठडा धरून उलटा उतरलो. उलटा उतरलं की दुखत नाही, हा शोध मला त्या सकाळी लागला. लेक खाली उभी राहून हसत होती.

असं का होतं? चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि शरीर वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी ब्रेकही लावत असतो. विहिरीतून भरली कळशी ओढताना दंड भरून येतात, पण तीच कळशी दोर सोडत खाली न्यायची तर हाताला चरे पडतात, तसलं हे काम आहे. प्रत्येक पावलाला स्नायूच्या धाग्यांना बारीक इजा होत जाते. तिचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं, पण ताकद तिथल्या तिथं, शर्यतीतच कमी होते. हृदय आणि फुप्फुसं निवांत असल्यामुळे आपल्याला पत्ता लागत नाही. चढ बिचारा प्रामाणिक आहे, जास्त जोर लावला की लगेच धाप लागते आणि तुम्ही आपोआप हळू होता. उतार तसलं काही सांगत नाही.

यात चांगली गोष्ट अशी की ज्या स्नायूनं एकदा असा मार खाल्लाय, तो पुढचे काही आठवडे तसाच मार बऱ्यापैकी पचवतो. फार नाही, थोडासाच मार पुरतो. म्हणून उताराचा सराव कमी वेळात जास्त फळ देतो, आणि तरीही तो कुणी करत नाही.

तुमचा चौथा मजला इथं कामाला येईल. फक्त तुम्ही चढताना मोजताय, ते उतरताना मोजायला लागा. खाली जाताना प्रत्येक पायरीवर वरच्या पायानं शरीर हळूच खाली सोडायचं, मनात एक-दोन-तीन म्हणत, धप्पकन पाऊल न टाकता. गुडघा आत वळू द्यायचा नाही, तो पायाच्या बोटांच्या रेषेत राहिला पाहिजे. दिवसातून एकदा अशी एक फेरी बस्स. दुसरा व्यायाम पोटरीचा. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून उभं राहायचं, दोन्ही पायांवर वर उठायचं आणि एका पायावर टाच पायरीच्या खाली सावकाश सोडायची. प्रत्येक पायाला दहा-बारा वेळा. शिवाय बैठका. आमच्याकडे तालमीतली पोरं शेकड्यांनी मारतात, तुम्ही पंधरा-पंधराच्या दोन खेपा मारा, पण खाली जाताना वेळ लावा. जिममध्ये जायची ऐपत आणि हौस असेल तर जरूर जा, नसेल तर एवढ्यानं भागतं.

पहिले चार आठवडे रस्त्यावरच्या उताराला हात लावू नका. पाचव्या आठवड्यात सौम्य उताराचा चारशे-पाचशे मीटरचा तुकडा शोधा. तुम्हाला पौड रस्त्याच्या बाजूनं वेताळ टेकडीवर एआरएआय या वाहन संशोधन संस्थेकडे जाणारा डांबरी रस्ता जवळ पडेल. वर चालत जायचं, खाली हलकं धावत यायचं, असं चार वेळा. दोन दिवस मांड्या दुखतील, दुखू द्या. त्यानंतर दर दहा दिवसांनी एकदा, थोडं थोडं वाढवत. सहा तुकडे, मग किलोमीटरचे दोन, मग तीन, आणि दहाव्या-अकराव्या आठवड्यापर्यंत सलग तीन-चार किलोमीटर उतार. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या अडीच आठवडे आधी, त्यानंतर नाही. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायला छान आहेत, पण पावसात पळत उतरू नका. ओला दगड कुणाचाही नसतो. सिंहगडाचा घाट लांबीला चांगला आहे, पण पावसाळ्यात तिथं दरडही असते आणि कणीस खायला आलेल्यांच्या गाड्याही. जमलं तर त्यापेक्षा शर्यतीच्या महिनाभर आधी एका रविवारी पहाटे साताऱ्यालाच या आणि खरा घाट एकदा धावून जा. निम्मी धास्ती तिथंच जाईल.

उतरायचं कसं, हे लिहून सांगायला अवघड आहे. बहुतेक जण घाबरून मागं रेलतात आणि टाच पुढं रोवतात. म्हणजे पावलागणिक ब्रेक. त्याऐवजी पावलं आखूड आणि भरभर. अंग घोट्यापासून किंचित पुढं, कमरेतून वाकून नव्हे. नजर पायाशी नको, दहा-पंधरा पावलं पुढं. हात थोडे फाकले तरी चालेल, तोल राहतो. पाऊल शरीराच्या खाली पडलं पाहिजे, पुढं नाही. कानावर विश्वास ठेवा. बुटांचा फटाफट आवाज येत असेल तर चुकतंय, टपटप येत असेल तर बरोबर.

आता डिसेंबरच्या त्या शर्यतीकडे येतो, कारण तुमची खरी गफलत तिथं आहे आणि तुम्ही ती स्वतःच लिहून पाठवलीय. १० किलोमीटरला तुमची सर्वोत्तम वेळ ६८ मिनिटं, आणि २१ किलोमीटरच्या शर्यतीतले पहिले १० तुम्ही ६९ मिनिटांत घातले. म्हणजे तुम्ही १० किलोमीटरची शर्यत धावलात आणि मग आणखी ११ किलोमीटर शिक्षा भोगलीत. सोळापर्यंत टिकलात हीच कमाल. रिगेल नावाच्या अमेरिकन अभियंत्याचं एक जुनं सूत्र आहे: अंतर जितक्या पट वाढतं त्याचा १.०६ घात घ्यायचा आणि त्यानं आधीच्या वेळेला गुणायचं. तुमच्या ६८ मिनिटांवरून हाफ मॅरेथॉनचा हिशोब बरोबर अडीच तासांचा येतो, म्हणजे किलोमीटरला ७ मिनिटं ६ सेकंद. तोही सपाट रस्त्यावर, आणि पायांना तेवढ्या अंतराची सवय असेल तरच.

त्याच चुकीचं दुसरं टोक तुमच्या रोजच्या धावण्यात आहे. दरवेळी ६:५०, म्हणजे तुम्ही रोज शर्यतच धावताय. तुमच्यासारख्या धावणाऱ्यांमध्ये हा रोग सार्वत्रिक आहे: हळू धावायचं त्या दिवशी जरा जास्त जोरात, आणि जोरात धावायचं त्या दिवशी थकल्यामुळे जरा हळू. सगळे दिवस एकसारखे. आठवड्यातलं बहुतेक धावणं किलोमीटरला आठ मिनिटांच्या आसपास आणा, सव्वाआठ झाली तरी हरकत नाही. घड्याळ नको असेल तर तेराचा पाढा मोठ्यानं म्हणा. शब्द न तोडता म्हणता आला तर वेग बरोबर. 'तेर सक' म्हणताना श्वास घ्यावा लागला तर हळू व्हा. तुम्ही शिक्षिका आहात, पाढा विसरायची सबब चालणार नाही. मनगटावरच्या घड्याळातल्या हृदयाच्या ठोक्यांवर फार विसंबू नका, पावसात आणि हात हलताना ते बऱ्याचदा ठोक्यांऐवजी पावलंच मोजत बसतं.

सुरुवातीला या वेगाची लाज वाटेल. ग्रुपमधले लोक पुढं निघून जातील. जाऊ द्या.

आठवड्यात चार दिवस पुरेत. मंगळवारी पाच-सहा किलोमीटर निवांत. गुरुवारी तुमचा चढ, कारण तोही लागतोच: दहा-पंधरा मिनिटं हलकं धावून मग मिनिट-सव्वा मिनिटाचा चढ दमदारपणे, चालत खाली, असं सहा वेळा, नंतर वाढवत आठ-दहा. शुक्रवारी किंवा शनिवारी अर्धा तास हलकं, किंवा त्या दिवशी घरचं काम फार असेल तर काहीच नाही. रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वांत लांब धाव. १० किलोमीटरपासून सुरू करा, तीन आठवडे एक-दीड किलोमीटरनं वाढवा, चौथ्या आठवड्यात कमी करा, पुन्हा वाढवा. असं करत अकराव्या आठवड्यात १८. त्याच्या पुढं जायची गरज नाही. १८ किलोमीटर तुमच्या हळू वेगानं अडीच तासांचं काम आहे, आणि पायांना अंतरापेक्षा वेळ जास्त कळते. सरावात पूर्ण २१ धावून 'खात्री' करून घेणारे लोक माझ्याकडे दरवर्षी येतात आणि शर्यतीला थकलेले पाय घेऊन उभे राहतात.

नडगीचं दुखणं हलक्यात घेऊ नका, पण घाबरूही नका. स्वस्थ बसून नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा वरून खाली दाबत आणा. चार बोटं रुंदीच्या किंवा त्याहून लांब पट्ट्यात दुखत असेल, धावायला लागल्यावर दुखतं आणि अंग गरम झालं की कमी होतं असं असेल, तर बहुधा हाडाच्या कडेवरचा ताण आहे. दोन आठवडे धावणं निम्मं करा, वेग उतरवा (तो तसाही उतरवायचाच आहे), पोटरीचा व्यायाम चालू ठेवा. मिनिटाला पडणारी पावलं पाच-सात टक्क्यांनी वाढवली, म्हणजे प्रत्येक पाऊल आखूड केलं, तर फरक पडतो. आणखी एक: आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात. रोज एकाच बाजूनं धावलं तर एक पाय कायम खालच्या पातळीवर पडतो. तुमचा उजवाच पाय का दुखतो याचं उत्तर कदाचित रस्त्यात असेल, बाजू बदलून बघा.

पण एका रुपयाएवढ्या जागेवर बोट ठेवून 'इथंच' म्हणता येत असेल, त्या पायावर उडी मारली की कळ येत असेल, किंवा रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल, तर धावणं त्याच दिवशी थांबवा आणि खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या डॉक्टरांकडे जा. हाडाला बारीक चीर असू शकते. पहिल्या काही आठवड्यांत ती साध्या एक्सरेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआय लागतो. माझ्याच एका शिष्येला 'एक्सरे नॉर्मल आहे, धावा' असं सांगितलं गेलं आणि तिनं तीन महिने घालवले. वेदनाशामक गोळी घेऊन धावायचं तर अजिबात नाही. घामानं अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात, शिवाय पोटाला त्रास वेगळा. तपासण्या करायच्याच असतील तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघून घ्या. हिमोग्लोबिन ठीक आणि साठा तळाला, असं धावणाऱ्या बायकांत वारंवार सापडतं. मग त्या बिचाऱ्या सराव कमी पडतोय समजून आणखी धावत बसतात. आणि छातीत दडपण, चक्कर, किंवा घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असेल, तर आधी डॉक्टर, मग घाट.

तुमचा सगळा सराव पावसाळ्यात येणार. भिजायची सवय करून घ्या, कारण सप्टेंबरात घाटात पाऊस किंवा धुकं बहुधा असतंच. ओल्या कपड्यानं काखेत, मांड्यांच्या आत आणि ब्राच्या पट्टीखाली सालटी निघतात, तिथं व्हॅसलिन सढळ हातानं लावा. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवायचे, दोन तासांनी बदलायचे, सकाळपर्यंत वाळतात. फॅनखाली ठेवा, उन्हात किंवा हीटरजवळ नको. रस्त्यावरचे पांढरे रंगाचे पट्टे आणि ड्रेनेजची झाकणं ओली असली की साबणासारखी होतात. पहाटे अंधारात चमकणारी जाकीट घाला, कानात काही घालू नका. कुत्री मागं लागली तर पळू नका. थांबायचं, चालायचं, त्यांच्या डोळ्यात बघायचं नाही.

बूट अर्धा नंबर मोठे घ्या. सपाटीवर नीट बसणारा बूट उतारावर अंगठ्याला ठोकर देतो आणि आठवडाभरानं नख काळं पडतं. नखं दोन दिवस आधी कापा, आणि नाडी सगळ्यात वरच्या छिद्रातून ओवून घोट्यापाशी घट्ट बांधा म्हणजे पाऊल पुढं सरकणार नाही. हल्ली मंडळी तळव्यात कार्बनची पट्टी असलेले महागडे बूट घेतात. तुम्हाला त्यांची गरज नाही. जाड, उंच तळव्याचा बूट ओल्या उताराच्या वळणावर कसा डुलतो, हे मी पाहिलंय.

खाण्याबद्दल दोन गोष्टी, कारण त्या आपल्याच कॅलेंडरमध्ये दडलेल्या आहेत. सरावाचा कळस आणि श्रावण एकत्र येतात. श्रावणी शनिवारचा उपवास केलात आणि रविवारी पहाटे १६ किलोमीटरला निघालात, तर बाराव्या किलोमीटरला दिवे जातील. स्नायूंतली साखर आदल्या दिवशीच्या जेवणातून भरते. उपवास करायचाच असेल तर लाँग रन दुसऱ्या कुठल्या तरी वारी हलवा, किंवा उपवासाच्याच पदार्थांतून पोटभर खा. रताळी, वरीचा भात, राजगिऱ्याची लापशी ही मुळात धावणाऱ्यांचीच पथ्यं आहेत. साबुदाण्याची खिचडी मात्र तेलातुपात माखलेली असते, आदल्या रात्री जड होते. दुसरी गोष्ट गणपती. ते शर्यतीच्या आगेमागेच येतात. त्या दिवसांत तुमचं उभं राहणं, जागरण आणि पाहुणे हाही व्यायामच धरा आणि धावणं कमी करा. मोदक खा. मोदकानं कुणाची शर्यत बिघडलेली मी पाहिली नाही, जागरणानं बिघडलेल्या पाहिल्यात.

धावताना तासाभरानंतर काहीतरी पोटात गेलं पाहिजे. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हा सर्वसाधारण हिशोब. मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतात. तुम्ही पावणेतीन तास रस्त्यावर असणार, म्हणजे खजूर, चिक्की, पुडीतलं साखरेचं जेल, जे काही पचेल ते आधी चार-पाच लाँग रनमध्ये खाऊन बघा. शर्यतीत कुणी प्रेमानं दिलेलं नवीन काहीही तोंडात टाकू नका. पाणी तहानेप्रमाणे. प्रत्येक टेबलवर थांबून दोन-दोन ग्लास ढोसणं धोक्याचं आहे, रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि माणूस भोवळ येऊन पडतो. आपल्याला घाम किती येतो ते बघायचं असेल तर तासभर धावण्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे अंदाजे एक लिटर घाम.

शेवटचे दोन आठवडे अंतर उतरवत न्या. शेवटच्या रविवारी आठ-दहा किलोमीटर खूप झाले. पाय जड वाटतील, नसलेलं दुखणं जाणवेल, 'सराव सुटला' असं वाटेल. सगळ्यांना वाटतं.

आता पुणेकरांची एक ठरलेली चूक सांगतो. शनिवारी बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायला येतात आणि 'आलोच आहोत तर' म्हणून सज्जनगडाच्या पायऱ्या, ठोसेघरचा धबधबा आणि कासची फुलं, सगळं एका दिवसात उरकतात. रात्री दहाला मिसळ किंवा मटण, बाराला झोप. कासची फुलं सोमवारीही असतील. शनिवारी दुपारनंतर पाय वर करून पडा. कंदी पेढा एक खा, पाव किलो नको.

शर्यतीसाठी माझा हिशोब पावणेतीन तासांचा आहे. वर जाताना १ तास २७ मिनिटं, खाली येताना १ तास १८ मिनिटं. गावातले पहिले तीन किलोमीटर तुम्हाला चिडचिड होईल इतके हळू जा, किलोमीटरला पावणेआठच्या आत यायचं नाही. घाटात घड्याळाकडे बघू नका, श्वासाकडे बघा. तेराचा पाढा तुटायला लागला की तीस-चाळीस पावलं चाला आणि पुन्हा धावा. चालणं म्हणजे हार नव्हे. जेफ गॅलोवे हा ऑलिंपिकमध्ये धावलेला माणूस, त्यानं धावणं आणि ठरवून चालणं यांवरच आख्खी पद्धत उभी केली. फक्त पाय संपल्यावर चालायचं नाही, संपायच्या आधी चालायचं. वर पोचेपर्यंत पुढचे धावपटू समोरून परत येताना दिसतील, हरणासारखे. त्यांच्याकडे बघून टाळ्या वाजवा, वेग वाढवू नका.

वळसा घातल्यावर काहीतरी खा आणि मग खरी परीक्षा. उताराचा पहिला किलोमीटर मुद्दाम आवरून धावा. घाटाच्या मध्यावर तुम्हाला वाटेल की आपण उगाच राखून ठेवतोय, आजूबाजूचे सगळे सुसाट चाललेत. जाऊ द्या त्यांना. समर्थ मंदिराच्या पुढं त्यांच्यातले निम्मे तुम्हाला भेटतील, रस्त्याच्या कडेला पोटऱ्या चोळत. तिथून शेवटची रेषा तीनेक किलोमीटरवर आहे. तिथं तुमच्या मांड्या तुमचं ऐकत असतील तर मग हवा तेवढा जोर लावा. तेवढ्यासाठीच हे चौदा आठवडे.

नंतर लगेच बसू नका, दहा-पंधरा मिनिटं चालत राहा, कोरडे कपडे घाला, मग जेवा. त्या दिवशी जोराचा मसाज नको. पुण्याला परतताना गाडी दुसऱ्या कुणाला चालवू द्या. उजव्या पायाला ब्रेकचा आणखी ताप नको.

आणि सोमवारी सकाळी कचऱ्याची बादली घेऊन चार मजले उतरताना कठडा धरावा लागला का, तेवढं मला कळवा.